एकट्या माणसासाठी खोली

डब्यातला शेवटचा घास तोंडात होता. उद्याचं हवामान काय म्हणतंय ते बघायला त्याने फोन उघडला, तर ढगाच्या चित्राखाली एक खोली दिसली. पलंग, टेबल, खिडकी, खिडकीत एक कुंडी. त्याखाली चार ओळी. एकट्या माणसासाठी खोली. शांत, हवेशीर, दोन वेळच्या जेवणासह. तुमच्या घरात ही वेळ आली आहे का? एरवी असल्या गोष्टींवरून त्याचं बोट माशी हाकलावी तसं सरकायचं. आज ते अडलं. 'तुमच्या घरात' हे शब्द वाचताना दाराच्या फटीतून कुणीतरी आत बघतंय असं त्याला वाटलं. त्याने चित्र मोठं केलं. चादर निळी होती आणि उशी एकच होती. ती एकच उशी त्याला मुळीच आवडली नाही. गिळायचा राहिलेला घास त्याने पाण्याबरोबर ढकलला आणि हवामान न बघताच फोन उपडा ठेवला.

संशय घेण्याचाच त्याला पगार मिळत होता. लोकांनी कचऱ्यात टाकलेले आणि यंत्रालाही नक्की न कळलेले मेल दुसऱ्या नजरेसाठी त्याच्या मजल्यावर येत. सातव्या मजल्यावर चाळीस टेबलं, प्रत्येकावर एक माणूस, आणि त्या माणसाने दिवसभर ठरवायचं की हे खरं की स्पॅम. अकरा वर्षांत त्याने इतक्या बक्षिसांची, इतक्या वारसांची, इतक्या बंद पडणाऱ्या खात्यांची पत्रं वाचली होती की आता त्याला वाचावं लागत नसे, नुसता वास यायचा. तरी शिस्त म्हणून तो तीन गोष्टी तपासायचा. गोडी, घाई, मागणी. आधी गोड बोलतात, मग घाई करतात, मग काहीतरी मागतात. तिन्ही एकत्र दिसली की पत्र कचऱ्यात. शेजारच्या टेबलावरची सहकारी हा निकाल इतक्या झटपट लावायची की सगळा मजला तिला 'आठ सेकंद' म्हणायचा, आणि तिलाही ते बक्षिसासारखं वाटायचं. त्याने तिला खोली दाखवली. "तुझ्या घरातलं कुणीतरी शोधतंय," ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. कशावरून, असं त्याने विचारलं. "अरे, एका वायफायवरची माणसं म्हणजे यांच्या लेखी एकच माणूस. माझ्या भाच्याने बूट बघितले की मला बूट दिसतात. गेल्या महिन्यात तर मला दाढीला लावायचं तेल विकत होते." ती हसली. तोही हसला, पण त्याचं हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. कारण त्याच्या घरात तो धरून तीनच माणसं होती, आणि त्यातली दोन तो नव्हता.

संध्याकाळी घरात शिरताना त्याला पहिल्यांदा आपलं घर किती वस्तूंनी भरलंय ते दिसलं. टाळी वाजवली की लागणारा दिवा, नाव घेतलं की जागा होणारा टीव्ही, दार उघडं राहिलं की फोनवर तक्रार करणारा फ्रिज. यातल्या एकाही वस्तूची कुणाला गरज नव्हती. प्रत्येक वस्तू कधीतरी समोर आली होती आणि मग गरज तयार झाली होती. पूर्वी माणूस दुकानात जायचा आणि दुकानदार त्याच्याकडे बघायचा. आता दुकान घरात येऊन बसलंय, पाय पसरून, आणि वर आपल्याकडेच बघतंय. हे तो पुष्कळदा बोलून दाखवायचा आणि बायको म्हणायची, "हो, आणि तो दिवा कुणी आणला?" ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. त्यांची ओळखही तिथलीच. अंधाऱ्या खोलीत ती भिंगं बदलत विचारत होती, आता स्पष्ट दिसतंय, की आता? की आता? आणि तो दहा मिनिटं घाम पुसत होता, कारण दोन भिंगांत त्याला काही फरकच कळत नव्हता. शेवटी तो म्हणाला होता, मला वाटतं तुम्ही तेच भिंग पुन्हा घालताय. ती खळखळून हसली होती. "घालतेच आहे. कुणी विचारतं का, ते बघत होते." इतक्या वर्षांनंतर त्या हसण्याचा आज त्याला वेगळाच अर्थ लागला. ही बाई पहिल्या दिवसापासून एक दाखवून दुसरं बघते आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची लगेच लाजही वाटली. पण संशयाचं असं असतं की लाज वाटली म्हणून तो जात नाही, नुसता आतल्या खोलीत जाऊन बसतो.

मग त्याने तपास सुरू केला. तपास म्हणजे काय, तर रोज जे करायचा तेच. खोली आली की तो उघडायचा. पाठवणारा कोण, पत्ता कुठला, भाषा कशी, फोटो खरा की उचललेला. पहिल्या आठवड्यात पाच खोल्या आल्या, दुसऱ्या आठवड्यात रोज पाच. निळ्या चादरीच्या, पांढऱ्या चादरीच्या, बाल्कनी असलेल्या, नसलेल्या. सगळ्या एकट्या माणसासाठी. काहींच्या खाली तो नकाशाही उघडून बघायचा की बायकोच्या दुकानापासून किती लांब. दोन खोल्या तर दुकानाच्या मागच्याच रस्त्यावर निघाल्या. बायको अलीकडे कमी बोलत होती हे आता त्याच्या ध्यानात आलं. ती जेवताना एकदम थांबायची, त्याच्याकडे बघायची आणि मग मीठ पुढे करायची. तिचा फोन टेबलावर उपडा असायचा. एकदा तो पाणी प्यायला उठला तर ती बाल्कनीत उभी राहून बहिणीशी बोलत होती, आणि तो दिसताच म्हणाली, बरं, नंतर बोलते. हे 'नंतर बोलते' त्याला दोन दिवस पुरलं. तिला जायचंय, हे आता त्याने जवळजवळ ठरवून टाकलं होतं. का जायचंय, याची कारणं शोधायला बसला तर तीही भराभर सापडली. माणूस स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करायला लागला की त्याच्याइतका हुशार वकील मिळायचा नाही. तो घोरतो. तो प्रत्येक फोनवर आधी दुसऱ्याला बोलू देतो. तिच्या वाढदिवसाला तिच्या मामाने पाठवलेल्या शुभेच्छांची लिंक त्याने उघडू दिली नव्हती, आणि त्या खऱ्या निघाल्या होत्या.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे त्याचे वडील. बाबा आयुष्यभर बुकबाइंडर होते. दुकान बंद केलं तरी जुनी लोखंडी प्रेस, म्हणजे पुस्तक दाबून धरायचं स्क्रूचं यंत्र, त्यांच्या पलंगाशेजारी ठाण मांडून होती, आणि मेणाचा दोरा, भोकं पाडायचा टोच्या, हाडाची पट्टी हे सगळं टेबलाच्या खणात. लहानपणी तो शाळेतून थेट दुकानात जायचा. वाचनालयांची मासिकं वर्षभराची एकत्र बांधायला येत, आणि बांधायच्या आधी बाबा जाहिरातींची पानं सोडवून काढायचे, कारण वाचनालयाला जाहिराती नको असत. ती पानं एका गोणीत जायची. तो त्या गोणीवर बसून केसांची तेलं, मनगटी घड्याळं, शक्तीच्या गोळ्या वाचत राहायचा आणि त्याला वाटायचं, मोठं झाल्यावर आपल्याला हे सगळं लागणार. बाबा म्हणायचे, फाडायची ती फाडायचीच, पण आधी वाचावी. लोक कशाला भीत होते ते पुस्तकात नसतं, ते या गोणीत असतं. आता बाबांकडे त्यानेच दिलेला टॅबलेट होता. दिला तेव्हा त्याने त्यांना तासभर बसवून गोडी, घाई, मागणी हे तीन शब्द शिकवले होते. बाबांनी ते कागदाच्या पट्टीवर सुबक अक्षरांत लिहून टॅबलेटच्या पाठीवर खळीने चिकटवले, कोपरे दाबून, एक बुडबुडा राहू न देता. मग विचारलं होतं, "हे झालं खोट्याचं. आणि खरं कसं ओळखायचं?" तो घाईत होता. तो म्हणाला होता, "खऱ्याचं आम्हाला काम नसतं, बाबा. ते आपोआप पोचतं."

तिसऱ्या आठवड्यातल्या एका रात्री तिघं जेवत असताना बाबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, ते यंत्र आपल्या मनातलं ओळखतं का?" त्याला हा विषय म्हणजे आयतं मैदान. शिवाय बायको समोर होती. "मनातलं नाही ओळखत, बाबा," तो एकेक शब्द मोजून म्हणाला. "आधी कुणीतरी काहीतरी शोधलेलं असतं. गुपचूप. म्हणून मग ते येत राहतं. जाहिरात कधी हवेतून येत नाही." आणि त्याने बायकोकडे बघितलं. बायको त्याच्याकडेच बघत होती, अशी की जणू त्यानेच काहीतरी कबूल केलं. "म्हणजे घरातल्याच कुणीतरी," बाबा म्हणाले. "घरातल्याच," तो म्हणाला. बाबांनी मान हलवली, ताटातलं संपवलं, आणि ताट उचलून स्वतःच घासायला घेतलं. सून म्हणाली, अहो बाबा, ठेवा ते. "असू दे," बाबा म्हणाले. "सवय असलेली बरी." त्याने हे ऐकलं आणि ऐकलंही नाही, कारण तो तेव्हा बायकोच्या चेहऱ्याचा निकाल लावण्यात गुंतला होता.

रविवारी दुपारी चार वाजता बायकोनेच विषयाला तोंड फोडलं. ती धुतलेले कपडे घडी करत होती आणि बाबांचा सदरा हातात घेऊन थांबली. "मला एवढंच सांग," ती म्हणाली, "मला विचारावंसंही वाटलं नाही तुला?"

"काय विचारायचं? तूच सांगायला हवं होतंस."

"मी सांगायचं? बाबांना तू बाहेर ठेवायचं ठरवतोस, खोल्या बघतोस, आणि मी सांगायचं? तीन आठवडे बघतेय मी. माझ्या फोनवर दुसरं काही येत नाही. बहीण म्हणाली, थांब, तोच बोलेल. म्हणून थांबले. तू बोलतोस कधी, वाट बघत होते. त्या दिवशी तर जेवताना बाबांसमोर तोंड वर करून बोललास. जरा तरी लाज."

त्याला पहिल्यांदा काही समजेच ना. "मी कशाला बघेन? मी तर समजत होतो की तू," तो म्हणाला आणि थांबला.

"मी काय?"

"तू बघतेस. तुझ्यासाठी."

ती सदरा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाही ठरवता आलं नसावं. "माझ्यासाठी खोली," ती म्हणाली. "दोन वेळच्या जेवणासह. अरे, जेवण मिळणार असेल तर मी गेलेच असते." मग एकदम गंभीर होऊन तिने विचारलं, "तुला त्या दिसल्या, तेव्हा तू काय केलंस?"

"तपासल्या."

"म्हणजे उघडल्यास."

"उघडल्याशिवाय कसं तपासणार?"

"सगळ्या?"

आणि हे 'सगळ्या?' कानात शिरत असतानाच त्याला कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा पायाखाली पायरी नाही हे पाय टाकल्यावर समजावं, तसं झालं. ऑफिसातला संगणक चहूबाजूंनी बंद होता. तिथे काहीही उघडलं तरी बाहेर कुणाला पत्ता लागत नसे. तिथे बघणं म्हणजे नुसतं बघणं होतं. अकरा वर्षं त्या काचेआडून बघून बघून तो विसरला होता की घरी, स्वतःच्या फोनवर, बघणं म्हणजेच मागणं. पहिली खोली कुणालाही आली असती, रस्त्यात कुणाच्याही हातात पत्रक कोंबावं तशी. त्याने ती मोठी करून बघितली. उशी मोजली. मग दुसरी आली, त्याने तीही उघडली, नकाशा बघितला, अंतर मोजलं, आणि पलीकडच्या यंत्राने इमानेइतबारे टिपून ठेवलं की या घराला एकट्या माणसासाठी खोली फार निकडीने हवी आहे. मग ते यंत्र घरातल्या प्रत्येकाला जाऊन सांगत सुटलं. तिघांना सांगितलं. साप साप म्हणून भुई धोपटणारा माणूस त्याने पाहिला होता, पण धोपटून धोपटून साप तयार करणारा तोच पहिला. बायको म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," पण तिच्या आवाजात गंमत नव्हती. दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी बाबांचा टॅबलेट आला होता. आणि ते ताट. असू दे, सवय असलेली बरी. "बाबा कुठेयत?" त्याने विचारलं. जेवण झाल्यावर पाय मोकळे करून येतो म्हणून गेले होते. इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला आता आठवलं. पाय मोकळे करायला कुणी इस्त्रीचा सदरा घालतं का, हे तिने तेव्हा मनात म्हटलंही होतं.

बाबा साडेपाचला आले. बूट काढले, एकाशेजारी एक लावले, पाणी मागितलं आणि आपल्या खोलीत टेबलाशी बसले. थकले होते, पण काम करून आल्यावर माणूस थकतो तसे. "बरं झालं, दोघंही आहात," ते म्हणाले. "खोली बघून आलो."

"कुठली खोली, बाबा?" त्याने विचारलं, खरं तर माहीत असून.

"तीच रे, कुंडीवाली. कुंडी नाहीये तिथे, फोटोपुरती आणली असणार. पण बाकी खोटं काही नाही. खिडकीत सकाळचं ऊन येतं. बाई बोलायला सरळ आहे, म्हणाली सामान आणलंत तरी चालेल. म्हणून मापं घेतली. टेप सापडेना, मग दोराच नेला." त्यांनी खिशातून मेणाच्या दोऱ्याचं वेटोळं काढलं आणि टेबलावर सरळ केलं. जागोजागी गाठी होत्या. "हा पलंग. ही प्रेस, ती भिंतीला लावून बसते, मी बघितलं. ही पुस्तकांची मांडणी. सगळं बसतं." मग त्याच्याकडे बघून अगदी हळू, लहानपणी तो नापास झाला होता तेव्हाच्या आवाजात म्हणाले, "तू सांगायला लाजत होतास. त्यात लाजण्यासारखं काय आहे? जागा कमी पडते, मला कळत नाही का?"

त्याला इतकं वाईट वाटलं की तो बोलतच सुटला. बाबा, असं काही नाहीये, ती खोली कुणीच शोधली नाही, माझ्या हातून झालं, मी नुसतं बघत होतो, ते यंत्र असं असतं की आपण बघितलं की त्याला वाटतं. तुम्ही आहात म्हणून हे घर आहे, बाबा. तुम्ही कुठेही जायचं नाही. त्या बाईंना आत्ता फोन करा, आत्ताच्या आत्ता, आणि सांगा की नको. मला शब्द द्या. बाबा शांतपणे ऐकत होते. तो थांबला तेव्हा त्यांनी टेबलावरचा टॅबलेट उचलला आणि उलटा करून त्याच्यासमोर ठेवला. पट्टी अजून चिकटलेली होती, कोपरेसुद्धा सुटले नव्हते. बाबांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. "तिन्ही आहेत," ते म्हणाले. "मी काय करू सांग."

त्याचं हे बोलणं पत्र होऊन ऑफिसात त्याच्या टेबलावर आलं असतं तर आठ सेकंदही लागले नसते. खरं आपोआप पोचतं असं तोच एकदा घाईघाईत बाबांना सांगून गेला होता, आणि आज तेच खरं त्याच्या तोंडून निघून टेबलापलीकडे पोचत नव्हतं. बायको दारात सदरा धरून उभी होती. ती काही बोलली असती तर तेही गोडच झालं असतं. बाबांची नजर खिडकीबाहेर होती. ते घाईत नव्हते. तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला, कारण उभं राहवेना, आणि हातांना काहीतरी हवं म्हणून त्याने दोरा उचलला. बोटांना मेण लागलं. तोच वास, गोणीवर बसून वाचायचा त्या दिवसांचा. तो एकेक गाठ चाचपत गेला. पलंग. प्रेस. मांडणी. त्यापुढे हातभर दोरा सोडून आणखी एक गाठ होती, बारीक, दोनदा मारलेली.

"ही कसली?" त्याने विचारलं.

"ती होय," बाबा म्हणाले. "पलंग आणि भिंत यांच्यात थोडी जागा उरते. तिथे एक खुर्ची बसेल का, ते बघितलं."

"खुर्ची कशाला?"

"तू कधी आलास तर उभा राहशील का?"

त्याने मान खाली घातली. डोळ्यांत आलेलं पाणी त्याने पुसलं नाही, पुसायला हात मोकळे नव्हते. तो ती चौथी गाठ नखाने उकरू लागला. मेणाच्या दोऱ्याची गाठ सहजी सुटत नाही, बहुतेक वेळा कापावीच लागते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तरी तो उकरत राहिला. काही बोलला नाही, काही मागितलं नाही. बाहेरचं ऊन खिडकीवरून खाली उतरलं. बायकोने सदरा घडी करून बाबांच्या कपाटात ठेवला, नेहमीच्या कप्प्यात. बराच वेळ गेला, गाठ जिथल्या तिथे होती. मग बाबांनी चष्मा लावला, थोडा वेळ त्याच्या बोटांकडे बघितलं, आणि टेबलाचा खण ओढला.

"नखाने नाही सुटायची ती, हे टोक आत घाल," ते म्हणाले, आणि टोच्या त्याच्यापुढे सरकवला.